अट कोठे लिहावी?

फंक्शनल प्रोग्रामिंगच्या वाटेला जे नव्याने लागतात त्यांना 'मोनाड म्हणजे काय' हा एक प्रश्न पहिली काही वर्षे पुरतो. परंतु ज्यांचा दिवस हॅस्केलसारख्या भाषेत प्रोग्राम लिहिण्यात आणि इतरांचे प्रोग्राम वाचण्यात जातो, त्यांना पुढे पदोपदी जो प्रश्न आडवा येतो तो वरून साधा दिसणारा असून मुळाशी अधिक खोल आहे. फंक्शनच्या टाइपमध्ये एखादी अट घातली की ती कोणावर बंधनकारक होते, ती कोणी पुरी करावयाची, आणि दस्तऐवजाच्या नेमक्या कोणत्या कलमात ती नोंदवावयाची, हा तो प्रश्न होय. अट व्यक्त करण्याचे साधन म्हणजे टाइप क्लास, आणि क्रमाने घडणाऱ्या कामाला शिस्त लावण्याचे साधन म्हणजे मोनाड. ही दोन्ही साधने एकाच भाषेत, चारपाच वर्षांच्या अंतराने रुजली, आणि दोहोंच्या जन्मकथेत फिलिप वॉडलर यांचे नाव आहे. तरीही त्यांचे परस्परांशी सर्वत्र जमले असे म्हणता येत नाही. ते कोठे जमले, कोठे अडले, आणि अडले तेथे गेल्या तीन दशकांत कोणकोणत्या तोडी निघाल्या, याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

१

ख्रिस्तोफर स्ट्रेची या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९६७ साली कोपनहेगन येथे दिलेल्या व्याख्यानांत अनेकरूपतेच्या दोन जाती वेगळ्या करून दाखविल्या. सूचीची लांबी मोजणारे फंक्शन सूचीत काय साठविले आहे याची चौकशी करीत नाही. आत संख्या असोत, अक्षरे असोत वा आणखी सूची असोत, त्याचे काम एकाच रीतीने चालते. ही पहिली, निःपक्षपाती जात. बेरजेचे चिन्ह मात्र पूर्णांकांसाठी एक यंत्रणा चालविते आणि दशांशांसाठी दुसरी. नाव एक, कामे निराळी. ही दुसरी, प्रसंग पाहून ठरणारी जात. पहिलीला टाइपशास्त्रात लवकरच मानाचे आसन मिळाले. दुसरीची सोय मात्र ज्याने त्याने आपापल्या परीने लावली. दोन मूल्ये समान आहेत काय, एवढे साधे विचारण्यासाठी स्टँडर्ड एमएल या भाषेत टाइपांची एक राखीव जात निर्माण करावी लागली. आणि डेव्हिड टर्नर यांच्या मिरांडा भाषेत समानता सर्व टाइपांना सरसकट बहाल केल्यामुळे, दोन फंक्शनांची तुलना करू पाहणारा प्रोग्राम कंपायलरच्या नजरेतून सुटे आणि चालता चालता कोसळे.

१९८७ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे भरलेल्या परिषदेत, मूल्य काढण्याचे काम गरज पडेपर्यंत लांबणीवर टाकणाऱ्या अनेक विखुरलेल्या भाषांऐवजी एक सामाईक भाषा असावी असे ठरले, तिच्यासाठी समिती नेमली गेली, आणि पुढे तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव त्या भाषेला मिळाले. याच भाषेच्या घडणीच्या काळात वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी टाइप क्लासची कल्पना मांडली व १९८९ साली ती प्रसिद्ध केली. कल्पनेचा गाभा असा की, समानता हे टाइपचे जन्मसिद्ध लक्षण न मानता ती मिळविण्याची एक सनद मानावी. एखादे मूल्य सूचीत आहे काय हे पाहणारे फंक्शन आपल्या टाइपमध्ये उघडपणे लिहिते की, 'ए' हा टाइप 'ईक्यू' या क्लासचा सभासद असला पाहिजे. मग त्या फंक्शनला जो बोलावील त्याने ती सनद सादर करावी, किंवा ती आपल्याजवळ नसल्यास आपल्याला बोलावणाऱ्याकडे मागावी. अटीचा हा तगादा फंक्शनाकडून फंक्शनाकडे चढत जातो आणि जेथे 'ए'च्या जागी पूर्णांक किंवा अक्षर असा ठोस टाइप येतो तेथे त्याची फेड होते.

कंपायलरच्या दृष्टीने यात गूढ काही नाही. अटीमागे एक अदृश्य परिमाण असते. त्यातून त्या टाइपची समानता, तुलना किंवा बेरीज करणाऱ्या फंक्शनांचा छोटा संच, ज्याला जाणकार 'डिक्शनरी' म्हणतात, हातोहात पुढे दिला जातो. अर्ज करताना जसा दाखला जोडावा लागतो, आणि तो दाखला नसल्यास अर्ज टेबलावरूनच परत येतो, तशी ही व्यवस्था आहे. फरक इतकाच की, येथे दाखला शोधून जोडण्याचे कष्ट कंपायलर स्वतः घेतो. त्याला ते निर्धास्तपणे घेता यावेत यासाठी एक कडक नियम पाळावा लागतो: एका टाइपला एका क्लासची एकच सनद. पूर्णांकांची तुलना प्रोग्रामच्या एका कोपऱ्यात चढत्या क्रमाने आणि दुसऱ्या कोपऱ्यात उतरत्या क्रमाने होऊ लागली, तर पहिल्याने रचलेला संच दुसऱ्याच्या हाती जाऊन निकामी होईल, आणि कोणाचीही चूक दाखविता येणार नाही. उतरता क्रम हवाच असेल तर पूर्णांकाला नव्या नावाच्या टाइपचे वेष्टन घालावे आणि त्या नव्या टाइपला त्याची स्वतंत्र सनद द्यावी, असा येथील शिरस्ता आहे.

२

मोनाडची कथा निराळ्या दारातून येते. गणितातील प्रकारसिद्धांतात ही रचना १९५८ पासून, फ्रेंच गणिती रोजे गोदमाँ यांच्या ग्रंथापासून, ज्ञात होती; १९६५ साली हाइनरिख क्लाइस्ली यांनी तिच्या एका बाजूचा उलगडा केला, आणि 'मोनाड' हे नाव सॉन्डर्स मॅक लेन यांच्या १९७१ सालच्या ग्रंथाने रूढ केले. प्रोग्रामचा अर्थ सांगण्यासाठी ती वापरावी हे मात्र यूजेनिओ मोज्जी यांना सुचले, आणि १९८९ साली त्यांनी दाखविले की, स्मृतीतील फेरफार, अपवाद, अनेक पर्यायांतील निवड असे परस्परांशी नाते नसलेले व्यवहार एकाच साच्यात बसतात. वॉडलर यांनी १९९० आणि १९९२ सालच्या निबंधांतून हा साचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या हाती दिला. हॅस्केलला त्याची निकड होतीच. कारण भाषेच्या १९९० सालच्या पहिल्या आवृत्तीत बाह्य जगाशी होणारा व्यवहार, विनंत्यांची एक सूची पाठवावी आणि उत्तरांची दुसरी सूची घ्यावी, अशा अवघड मार्गाने चाले, आणि कोणते उत्तर कोणत्या विनंतीचे हा हिशेब लिहिणाऱ्यानेच ठेवावा लागे. सायमन पेटन जोन्स आणि वॉडलर यांनी १९९३ साली मोनाडद्वारे आदानप्रदानाची रीत मांडली, आणि १९९६ साली भाषेच्या १.३ या आवृत्तीत ती अधिकृत झाली.

साच्याचे स्वरूप एका परिचित उदाहरणाने पाहू. जमिनीच्या गट क्रमांकावरून खातेदार शोधावयाचा, खातेदारावरून त्याचा खाते क्रमांक, आणि त्यावरून थकीत सारा. प्रत्येक पायरीवर नोंद सापडेल किंवा सापडणार नाही. साध्या रीतीने लिहिल्यास प्रत्येक शोधानंतर 'सापडली काय' अशी चौकशी करावी लागते, आणि तीन पायऱ्यांच्या कामात मूळ हेतूपेक्षा या चौकश्याच जागा व्यापून बसतात. 'मेबी' नावाच्या मोनाडमध्ये ही चौकशी एकदाच, दोन पायऱ्या जोडणाऱ्या 'बाइंड' या क्रियेत लिहिलेली असते. नोंद सापडली तर पुढची पायरी चालते, न सापडल्यास पुढचा सर्व क्रम तेथेच थांबतो. लिहिणाऱ्याने तीन शोध एकाखाली एक मांडावेत, एवढेच उरते. जोडीला 'रिटर्न' ही दुसरी क्रिया असते; ती साधे मूल्य उचलून मोनाडच्या आत ठेवते आणि आणखी काहीच करीत नाही. या दोन क्रियांवर तीन नियमांचे बंधन आहे: 'रिटर्न' आधी जोडल्याने काही बिघडू नये, नंतर जोडल्याने काही बिघडू नये, आणि तीन पायऱ्यांपैकी पहिल्या दोन आधी बांधल्या काय किंवा शेवटच्या दोन आधी बांधल्या काय, फलित एकच यावे. कंपायलर हे नियम तपासत नाही. ते पाळण्याची जबाबदारी क्लासची सनद लिहिणाऱ्यावर आहे.

सूची, 'मेबी', आदानप्रदान यांना एकाच 'मोनाड' क्लासचे सभासद करावयाचे तर क्लासचा उमेदवार पूर्णांकासारखा पूर्ण टाइप असून भागत नाही. तो 'कशाची तरी सूची' यातील 'सूची'सारखा, एक टाइप घेऊन दुसरा देणारा, अपुरा टाइप असावा लागतो. मार्क जोन्स यांनी १९९३ साली अशा क्लासांची पद्धत सिद्ध केली. येथे दोन्ही प्रवाह मिळाले, आणि नेमके येथेच कलहाचे बीजही पडले. 'बाइंड'चा टाइप असा: एम ए → (ए → एम बी) → एम बी. या ओळीत 'ए' आणि 'बी' यांच्यावर कोणतीही अट नाही. 'एम' मोनाड आहे असे जो म्हणतो तो वचन देतो की, जगातील कोणताही टाइप आत घेण्यास आपली ना नाही.

३

हे वचन पाळणे ज्याला अशक्य आहे असा सर्वांत साधा उमेदवार म्हणजे संच, प्रोग्रामरांच्या भाषेत 'सेट'. गणितात संच हे मोनाडचे निर्दोष उदाहरण आहे: एका सदस्याचा संच म्हणजे 'रिटर्न', आणि प्रत्येक सदस्यापासून निघणाऱ्या संचांचा संयोग म्हणजे 'बाइंड'. परंतु हॅस्केलमधील संच समतोल वृक्षाच्या रूपाने ठेवला जातो. नवा सदस्य डाव्या फांदीत जावा की उजव्या, हे ठरविण्यासाठी तुलना लागते, आणि म्हणून प्रत्येक सदस्यावर फंक्शन चालवून नवा संच रचणाऱ्या 'मॅप'चा टाइप 'ऑर्ड बी ⇒ (ए → बी) → सेट ए → सेट बी' असा लिहावा लागतो. आरंभीचे ते 'ऑर्ड बी', म्हणजे 'बी'ची तुलना करता यावी ही अट, मोनाडच्या करारनाम्यात कोठेही बसत नाही. फंक्शनांची परस्परांत तुलना होत नाही, तेव्हा फंक्शनांचा संच करता येत नाही. आणि मोनाड मात्र फंक्शनेही आत घेऊ असे वचन मागतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, संचातून सदस्य एकेक बाहेर काढून त्यांची बेरीज करणारा 'फोल्डेबल' हा क्लास संचाला विनाअट मिळालेला आहे. वृक्ष रचून झाला की तो आरंभापासून शेवटपर्यंत फिरून यावयास तुलना लागत नाही. रचताना मात्र लागते. अट 'संच' या वस्तूला चिकटलेली नसून संचात मूल्य घालण्याच्या कृतीला चिकटलेली आहे, हा पुढील सर्व चर्चेचा पाया आहे.

'सूची वापरा आणि शेवटी तिचा संच करा' असा सल्ला यावर सहज दिला जातो. त्याचे मोल हिशेबाने पाहावे. एक मनुष्य शून्य या खुणेवर उभा आहे, आणि दर पावलाला तो एक घर पुढे किंवा एक घर मागे जातो. वीस पावलांनंतर तो कोणकोणत्या घरांवर असू शकेल? सूचीच्या मोनाडमध्ये दर पावलाला सूची दुप्पट होते, आणि विसाव्या पावलानंतर तीत १०,४८,५७६ नोंदी असतात. वस्तुतः उत्तरात उणे वीसपासून अधिक वीसपर्यंतची, एकाआड एक अशी, केवळ २१ घरे आहेत. दर पावलानंतर संच करून पुनरुक्ती गाळली, तर पहिल्या पावलाला एक घर तपासावे लागते, दुसऱ्याला दोन, विसाव्याला वीस. पाऊल टाकण्याचे फंक्शन एकंदर २१० वेळा चालते. सूचीत तेच फंक्शन १०,४८,५७५ वेळा चालते. संचाला मोनाडची सोय मिळावी हा हट्ट केवळ सौंदर्यदृष्टीचा नाही, हे या दोन आकड्यांवरून कळावे.

४

तोडीची पहिली कल्पना अगदी स्वाभाविक होती: अट टाइपच्या घोषणेतच लिहून टाकावी, म्हणजे 'ज्याची तुलना होते अशा ए-चा सेट' अशी व्याख्याच करावी. हॅस्केलने ही मुभा आरंभी दिली, आणि ती निरुपयोगी ठरली. घोषणेत लिहिलेली अट सनद साठवीत नाही. ती फक्त रचनेच्या वेळी दाखला मागते, आणि नंतर संच हाताळणारे प्रत्येक फंक्शन, त्याला तुलनेची गरज असो वा नसो, तोच दाखला पुन्हा मागू लागते. मिळकतीच्या मूळ खरेदीखतात नोंदलेली शर्त पुढच्या प्रत्येक व्यवहारात नव्याने सिद्ध करावयास लावावी, परंतु तिची नक्कल कोणाच्याच दप्तरी ठेवू नये, तसा हा प्रकार झाला. जीएचसी या प्रमुख कंपायलरने ही मुभा आज त्याज्य ठरविली आहे.

दुसरी कल्पना सनद संचातच बांधून ठेवण्याची. आधुनिक हॅस्केलमध्ये हे शक्य आहे: वृक्षाबरोबर त्याच्या सदस्यांची तुलनेची डिक्शनरी एकाच गाठोड्यात राहते, आणि गाठोडे उघडणाऱ्याला ती आपोआप मिळते. आत येणाऱ्या संचापुरती ही सोय उत्तम आहे. परंतु 'बाइंड'मध्ये हाती आहे तो ए-चा संच, आणि रचावयाचा आहे तो बी-चा. 'रिटर्न'च्या हाती तर संचच नसतो, नुसते मूल्य असते. जुन्या वस्तूची सनद नव्या वस्तूला चालत नाही, आणि ही वाटही अर्ध्यातच संपते.

तिसरी वाट जॉन ह्यूज यांनी १९९९ साली दाखविली. करारनामाच बदलावा, आणि प्रत्येक मोनाडला आपली अट स्वतः ठरवू द्यावी: सूची म्हणेल 'कोणतीही अट नाही', संच म्हणेल 'तुलना हवी'. त्या काळच्या भाषेत असा क्लास लिहिणे अवघड होते, कारण 'अट' ही स्वतः एक वस्तू म्हणून क्लासला जोडता येत नव्हती. २०१२ साली जीएचसीच्या ७.४ या आवृत्तीत ती अडचण दूर झाली. अटींना टाइपांसारखीच नावे देता येऊ लागली आणि क्लासच्या प्रत्येक सभासदाला आपली अट सोबत आणता येऊ लागली. अशा क्लासमध्ये संच आपले खरे रूप घेऊन येतो. मोबदला असा द्यावा लागतो की, हा क्लास जुन्या 'मोनाड' क्लासहून वेगळा असतो. जुन्यासाठी वर्षानुवर्षे लिहिलेली सहायक फंक्शने याला लागू पडत नाहीत, आणि ज्या फंक्शनांच्या पोटात मधल्या पायऱ्यांवर निराळे टाइप निर्माण होतात त्यांना त्या प्रत्येक टाइपची अट आपल्या मथळ्यावर लिहावी लागते. काम खाजगी, आणि त्याचा तपशील मात्र चावडीवर, अशी अवस्था होते.

चौथी वाट नील स्कल्थॉर्प, यान ब्राकर, जॉर्ज जॉर्जिट्झे आणि अँडी गिल यांनी २०१३ साली मांडली, आणि ती चातुर्याची आहे. संचाची कामे लगेच करू नयेत. ती फक्त क्रमाने लिहून ठेवावीत. लिहून ठेवण्याला तुलना लागत नाही, तेव्हा ही वही कोणत्याही टाइपला विनाअट मोनाड होते. वहीतील जोडण्या तिसऱ्या नियमानुसार एका ठराविक, उजवीकडे झुकलेल्या क्रमात लावल्या की, अट फक्त दोन ठिकाणी उरते: मूळ संच वहीत नोंदविताना, आणि शेवटी वही वाचून खरा संच रचताना. जुना 'मोनाड' क्लास, जुनी सहायक फंक्शने, सर्व जसेच्या तसे चालते. ज्या छोट्या भाषा हॅस्केलच्या पोटात लिहून मग दुसऱ्या भाषेत उतरवावयाच्या असतात, आणि म्हणून ज्यांना उतरविता येतील तेवढेच टाइप आत घेता येतात, त्यांची मोठीच अडचण या रीतीने दूर झाली.

तथापि आपला वीस पावलांचा प्रवासी या वहीतून गेला तर काय होते, हे तपासून पाहावे. उजवीकडे झुकलेल्या क्रमात प्रत्येक सदस्याचा पुढचा संपूर्ण मार्ग स्वतंत्रपणे चालला जातो, आणि संयोग सर्वांत शेवटी होतो. दोन निरनिराळ्या वाटांनी एकाच घरावर आलेले प्रवासी मध्येच एक होत नाहीत. उत्तर २१ घरांचेच येते, परंतु पाऊल टाकण्याचे फंक्शन पुन्हा १०,४८,५७५ वेळा चालते. तिसरा नियम सांगतो की, डावीकडून बांधा वा उजवीकडून, फलित एकच. खर्च एकच येईल असे तो कोठेही सांगत नाही. मधल्या पायरीवरील तुलनेची अट आपण चतुराईने काढून टाकली, आणि तिच्याबरोबर ती तुलना जे काम करीत होती तेही निघून गेले. या प्रश्नाच्या अभ्यासात मला सर्वांत बोधप्रद वाटलेली गोष्ट हीच आहे: अट ही अनेकदा प्रत्यक्ष कामाची पावती असते, आणि पावती फाडली म्हणून काम फुकट होत नाही.

५

आतापर्यंत पाहिली ती मोनाडच्या आत शिरणाऱ्या मूल्यांवरील अट. दुसरी बाजू मोनाडवरच घालावयाच्या अटीची आहे, आणि रोजच्या कामात हिचाच प्रसंग अधिक येतो. प्रोग्रामला स्मृतीतील फेरफार, चुकांची दखल आणि आदानप्रदान ही तिन्ही एकदम लागतात. यासाठी एकावर एक थर चढवून मोनाड रचण्याची रीत शेंग लियांग, पॉल ह्यूडॅक आणि मार्क जोन्स यांनी १९९५ साली सुव्यवस्थित केली. या रीतीत फंक्शनच्या टाइपमध्ये थरांची सबंध उतरंड लिहिता येते, किंवा 'कोणताही एम चालेल, मात्र त्यात पूर्णांकाची स्थिती ठेवण्याची आणि चूक कळविण्याची सोय असावी' एवढीच अट लिहिता येते. दुसरा मार्ग स्वीकारणाऱ्याचे फंक्शन उतरंड बदलली तरी अबाधित राहते. शिवाय अशा फंक्शनच्या मथळ्यावर आदानप्रदानाची अट नसेल, तर ते फाइल उघडणार नाही किंवा जाळ्यावर संदेश धाडणार नाही, हे वाचणाऱ्याला आतील एक ओळही न वाचता समजते. मुखत्यारपत्रात जेवढे अधिकार लिहिले तेवढेच मुखत्याराला, हा न्याय येथे कंपायलर अमलात आणतो.

या मार्गाचाही एक कर आहे. नवा थर लिहिणाऱ्याला प्रत्येक जुन्या क्लासची सनद त्या थरासाठी लिहावी लागते, आणि थर व क्लास वाढतील तशी ही संख्या त्यांच्या गुणाकाराने वाढते. एका मोनाडमध्ये एकाच टाइपची स्थिती ठेवावी असे बंधनही कंपायलरला अनुमान करता यावे म्हणून घालावे लागते. शिवाय अटी साचत जातात. माझ्या हाताखालून गेलेल्या एका प्रोग्राममध्ये एका फंक्शनच्या माथ्यावर सात अटी होत्या. शरीर त्याहून थोडेच मोठे. आरंभी मला तो भाषेचा अतिरेक वाटला. पण आतून वाचल्यावर दिसले की, ते फंक्शन खरोखरच सात कामे करीत होते: वेळ पाहत होते, नोंदवही लिहीत होते, साठ्यातून दर काढीत होते, आणि या सर्वांच्या मध्ये रक्कम मोजीत होते. मोजणी वेगळी काढली तेव्हा तिला एकाही अटीची गरज उरली नाही, आणि ज्या चुकीच्या शोधात आम्ही तीन दिवस होतो ती त्या दहा ओळींत समोर उभी राहिली. अटींची ती यादी प्रथमपासून खरे बोलत होती. ती वाचण्याचा धीर आम्हांस नव्हता.

अट किती बलवान मागावी, याचाही विचार या काळात पक्व होत गेला. कॉनर मॅकब्राइड आणि रॉस पॅटरसन यांनी २००८ साली 'ॲप्लिकेटिव' या क्लासचे महत्त्व पटवून दिले. मोनाडमध्ये पुढची पायरी मागच्या पायरीचे फळ पाहून ठरते. ॲप्लिकेटिवमध्ये सर्व पायऱ्या आधीच ठरलेल्या असून फक्त फळे एकत्र केली जातात. शक्ती कमी आहे, परंतु म्हणूनच प्रोग्राम चालविण्यापूर्वी त्याचा आराखडा पाहता येतो, आणि परस्परांवर न विसंबणाऱ्या पायऱ्या एकाच वेळी चालविता येतात. फेसबुकमध्ये लिहिलेल्या व २०१४ साली वर्णिलेल्या 'हॅक्सल' या ग्रंथालयाने अनेक ठिकाणांहून माहिती एकदम मागविण्यासाठी याच गुणाचा उपयोग केला. ज्याला ॲप्लिकेटिव पुरतो त्याने मोनाड मागू नये, हा आता चांगल्या लेखनाचा दंडक झाला आहे.

भाषेनेही आपल्या जुन्या कागदपत्रांची दुरुस्ती केली. प्रत्येक मोनाड हा तत्त्वतः ॲप्लिकेटिव असतो आणि प्रत्येक ॲप्लिकेटिव हा 'फंक्टर', म्हणजे 'मॅप'ची सोय देणारा, असतो. पण क्लासांच्या घोषणांत हे नाते लिहिलेले नसल्यामुळे 'एम फंक्टरही आहे आणि मोनाडही आहे' अशा दुहेरी अटी लिहाव्या लागत. २०१५ साली जीएचसीच्या ७.१० या आवृत्तीत ही वंशावळ नोंदविली गेली, जुने प्रोग्राम त्यापायी हजारो ठिकाणी दुरुस्त करावे लागले, आणि ते केले गेले. तसेच नमुना न जुळल्यास काय करावे हे सांगणारी 'फेल' ही क्रिया प्रत्येक मोनाडच्या माथी कारण नसताना मारलेली होती. २०१९ सालच्या आवृत्तीत ती मोनाडमधून काढून स्वतंत्र क्लासकडे सोपविली गेली, आणि ज्या फंक्शनात असे अपयश संभवते त्याच्या मथळ्यावर आता तशी अट उमटते.

६

शेजारच्या भाषांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. ओकॅमल भाषेत तुलनेची रीत एका मॉड्यूलच्या स्वरूपात हाताने दिली जाते आणि तिच्यापासून संचाचे स्वतंत्र मॉड्यूल तयार होते; सनद अदृश्यपणे फिरत नाही, त्यामुळे एका टाइपचे दोन क्रम सुखाने नांदतात, परंतु लिहिण्याचे श्रम वाढतात. स्काला भाषेत सनद अध्याहृत परिमाण म्हणून येते आणि एका टाइपला अनेक सनदा असू शकतात. लवचिकपणा मिळतो, तथापि कोणत्या ठिकाणी कोणती लागू झाली हे शोधण्याचा भार वाचणाऱ्यावर पडतो. रस्ट भाषेची रीत मला विशेष मननीय वाटते. तिच्या 'हॅशसेट'च्या घोषणेत सदस्यांवर कोणतीही अट नाही. सदस्य घालण्याच्या क्रियेवर मात्र समानतेची व हॅशची अट आहे. मूल्यांचे रूपांतर संचावर न करता त्यातून निघणाऱ्या प्रवाहावर केले जाते, तेथे अट लागत नाही, आणि शेवटी प्रवाह गोळा करून संच रचताना ती एकदाच पुरी करावी लागते. मोनाडचे नाव न घेता ही भाषा त्याच निष्कर्षाला पोहोचली आहे.

आणखी एक पक्ष मोनाडलाच पर्याय सुचवितो. गॉर्डन प्लॉटकिन आणि जॉन पॉवर यांनी या शतकाच्या आरंभी स्थिती, चुका, आदानप्रदान अशा प्रभावांचा विचार क्रियांच्या अंगाने केला, आणि २००९ साली प्लॉटकिन व मातिया प्रेत्नार यांनी त्या क्रियांना अर्थ देणारे 'हँडलर' मांडले. प्रोग्रामने फक्त क्रिया मागावी, आणि तिचे काय करावयाचे हे बाहेरच्या हँडलरने ठरवावे. कोका ही भाषा कोणत्या क्रिया मागितल्या हे टाइपमध्ये लिहिते. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ओकॅमल ५.० मध्ये हँडलर आहेत, परंतु टाइपमध्ये त्यांची नोंद होत नाही. थरांच्या उतरंडीचा जाच यातून कमी होतो. तरी 'हे फंक्शन काय काय मागते' ही यादी कोठेतरी लिहावी लागते, किंवा न लिहिण्याची किंमत भोगावी लागते. आणि ती यादी लिहिली की ती अटच असते, नाव काहीही द्या.

या सर्व मतमतांतरांतून माझ्या मनात जे ठरले आहे ते असे. अट वस्तूच्या व्याख्येत लिहू नये, ती कृतीजवळ लिहावी. वस्तू विनाअट असू द्यावी, आणि जी कृती तुलना करते तिनेच तुलना मागावी. जेवढे काम तेवढीच अट मागावी. कमी मागता येत नाही, कारण कंपायलर ते चालू देत नाही, परंतु जास्त मागितल्यास तो मुकाट्याने मान्य करतो, आणि म्हणून त्या बाजूची राखण माणसानेच करावयास हवी. आणि एखादी अट युक्तीने नाहीशी करता येत असेल तेव्हा, ती ज्या कामापोटी लिहिली होती ते काम आता कोठे आणि किती वेळा होणार, याचा हिशेब आधी मांडावा. प्रवाशाची ती वीस पावले त्यासाठी पुरेशी आहेत: २१० हा आकडा अट पाळणाऱ्याच्या वाट्याला आला, आणि दहा लाखांचा आकडा ती चुकविणाऱ्याच्या. परक्याचा प्रोग्राम हाती आला की मी हल्ली प्रथम त्याचे मथळे वाचतो, आणि प्रत्येक अटीखाली तिला जबाबदार असलेली ओळ शोधतो. ती सापडली की प्रोग्राम अर्धा समजलेला असतो. न सापडल्यास, दुरुस्तीला कोठून हात घालावयाचा ते समजलेले असते.